तीन दिवसांचं ऊन

आमच्या शाळेच्या फाटकावर एकदा, एकाच दिवशी, दोन पाट्या लागल्या होत्या आणि दोन्ही माझ्याच हस्ताक्षरात. एकीवर लिहिलं होतं, 'अलगीकरण कक्ष. आत येण्यास सक्त मनाई.' दुसरीवर, 'वादळ निवारा. ग्रामस्थांनी ताबडतोब आत यावे.' तीस वर्षं मुलांना सुवाच्य अक्षर शिकवलेलं, त्यामुळे दोन्ही पाट्या लांबून स्वच्छ वाचता येत होत्या. अर्थ मात्र मला तेव्हा लागला नाही, आणि आता निवृत्त होऊन घरी बसले आहे तरी लागत नाही. कोणी विचारलं की बाई, कोरोनात तुम्ही काय केलंत, तर मी म्हणते, ड्यूटी केली. पण ड्यूटी म्हणजे नक्की काय केलं हे सांगायला बसले की माझा गोंधळ होतो. निदान घडलं तसं लिहून तरी काढावं म्हणून हा खटाटोप.

आमच्या गावाचे दोन भाग. वर नारळी-पोफळीच्या वाड्या, तिथे आमचं घर. खाली वाळूला लागून कोळीवाडा. मधे सरकारी प्राथमिक शाळा, तीन खोल्यांची. दोन खोल्या जुन्या, कौलारू; तिसरी अलीकडे बांधलेली, स्लॅबची. मी शाळेची मुख्याध्यापिका होते. शिक्षकही मीच होते, आणि शिपाई वारंवार रजेवर असल्यामुळे झाडूही बऱ्याचदा मीच मारत असे. चाव्यांचा जुडगा कायम माझ्या पर्समध्ये.

कोळीवाड्यातली एक मावशी वीस-बावीस वर्षं माझ्या दारात मासळी घेऊन येते. नवरा लवकर गेला, होडी नाही. दुसऱ्यांच्या होडीवरची मासळी घ्यायची, थोडी ताजी विकायची, थोडी सुकवून ठेवायची, ह्यावर तिने एक मुलगी आणि एक मुलगा वाढवला. मुलगी रेवदंड्याला दिली. मुलगा माझ्याच हाताखाली चौथीपर्यंत शिकला. सतराचा पाढा त्याला कधी आला नाही, पण स्वभावाने गरीब. पुढे मुंबईत एका शीतगृहात कामाला लागला. मावशी माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी, पण मला 'तुम्ही' म्हणते आणि मीही तिला 'तुम्ही'च म्हणते. भाव करताना मात्र आम्ही दोघी एकमेकींचं काही ठेवत नाही.

टाळेबंदी लागली तेव्हा पहिले चार दिवस मला ती सुट्टीच वाटली, हे कबूल करते. मग फोनवर आदेश यायला लागले. सकाळी आदेश, दुपारी त्याचं शुद्धिपत्रक, संध्याकाळी शुद्धिपत्रकाचं स्पष्टीकरण. शिक्षकांनी घरोघर जाऊन सर्दी-खोकल्याची माणसं मोजायची. कोणीही घरोघर जायचं नाही. मास्क बंधनकारक, कुठून आणायचा ते लिहिलेलं नाही. मी जुन्या सुती साडीचे नऊ मास्क शिवले आणि पदराचा भाग स्वतःला ठेवला. एका पत्रात बाहेरून आलेल्या माणसाने चौदा दिवस घरीच राहायचं होतं, 'स्वतंत्र खोली व स्वतंत्र शौचालय असल्यास'. हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने कोळीवाड्यातलं घर कधी बघितलेलं नसणार. तिथे पुढे पडवी, मधे एक खोली, मागे चूल, आणि संडास चार घरांत मिळून एक.

साथ खोटी आहे असं मला कधीच वाटलं नाही. भीती तर घरातच होती. नवऱ्याला मधुमेह, त्यात त्यांचं वय. काहीतरी बंधन घालायला हवंच होतं. पण ज्यांच्यावर घालायचं त्यांचं घर, त्यांचं काम एकदा डोळ्यांनी बघून घालावं, एवढं साधं कोणाला सुचू नये ह्याचा मला संताप यायचा. संताप येऊनही मी करत मात्र सगळं होते, वेळच्या वेळी, तक्ता भरून.

मासळीच्या बाबतीत तर कळसच झाला. मासळी जीवनावश्यक आहे की नाही? पहिल्या आठवड्यात, नाही. मग आहे, पण किनाऱ्यावर लिलाव करायचा नाही, गर्दी होते. मग लिलाव करा, पण बर्फाच्या गाडीला परवाना नाही. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. टाळेबंदीची बातमी समुद्राला कोणी दिली नव्हती, त्यामुळे मासे आपले मिळतच होते. शेवटी कोळणींनी त्यांना येत होतं ते केलं. सगळंच सुकवलं. जवळा, बोंबील, मांदेली, जे येईल ते. पावसाळ्याच्या आधी लोक सुकी मासळी, कांदे, मसाला असं चार महिन्यांचं भरून ठेवतात, त्याला आमच्याकडे आगोट म्हणतात. त्या आगोटीला गावोगावची गिऱ्हाइकं येतात. त्या वर्षी रस्त्यावर नाके, गिऱ्हाईक येणार कुठून? मावशी म्हणाली, "बंदी उठल की इकीन. सुकी हाय, कुठं पळते?" तिच्या घरात माळ्यापर्यंत पोती लागली होती. वर्षाची सगळी कमाई त्या पोत्यांत होती आणि ते साऱ्या कोळीवाड्याला ठाऊक होतं, कारण प्रत्येक घरात तेच होतं.

मे महिन्यात मुंबईची माणसं परतायला लागली. आदेश आला की शाळा ताब्यात घ्या. घेणारी मी आणि देणारीही मीच, म्हणजे मी उजव्या हाताने डाव्या हाताला शाळा दिली. स्लॅबच्या खोलीला लागून संडास होता म्हणून तिथे पाच पुरुषांना ठेवलं. त्यांतला एक मावशीचा मुलगा. थोडा चालत, थोडा कांद्याच्या ट्रकमधून आला होता. त्याला ना ताप ना खोकला. मावशी फाटकाशी येऊन म्हणाली, "बाई, घरी न्हेते याला. मी पडवीत निजते, मंग तर झाला?" मी स्वतंत्र शौचालयाचं वाक्य वाचून दाखवलं. ती म्हणाली, "समुद्र हाय की." मी हसले, आणि मुलाला आत घेऊन कडी लावली. त्यानंतर ती रोज कंपाउंडच्या भिंतीवर डबा ठेवायची, लांब जाऊन उभी राहायची, आणि तो डबा उचलेपर्यंत हलायची नाही.

त्याला आत येऊन आठ दिवस झाले होते तेव्हा वादळाचा इशारा आला. समुद्राकाठच्या घरांतली माणसं निवाऱ्यात हलवा. निवारा म्हणजे यादीप्रमाणे आमची शाळा. ती यादी कुठल्या तरी जुन्या काळातली, तेव्हा साथ कुठे होती? मी तालुक्याच्या कार्यालयात फोन लावला. अर्ध्या तासाने लागला.

"साहेब, शाळेत अलगीकरणाची पाच माणसं आहेत."

"कल्पना आहे आम्हाला."

"आणि निवारा पण हीच शाळा?"

"यादीत हीच आहे."

"मग मी कोणाला बाहेर काढू आणि कोणाला आत घेऊ?"

साहेबांच्या मागे दुसरे दोन फोन वाजत होते. "बाई, तुम्ही विचारलंत ते बरोबर आहे. मी वर कळवतो. तोपर्यंत स्थानिक पातळीवर समन्वय साधा. आणि अंतर राखा."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी दुसरी पाटी रंगवली आणि पहिलीच्या शेजारी टांगली. कोळीवाड्यातली नऊ घरं, सदतीस माणसं, कौलारू खोल्यांत घेतली. जमिनीवर खडूने चौकोन आखले, माणशी एक. मावशी तिच्या चौकोनात बसली आणि मधल्या भिंतीवर हाताने थाप मारून पलीकडच्या मुलाला म्हणाली, "आलंय रं मी." पोती घरीच होती. वर ताडपत्री घालून, दोऱ्यांनी बांधून आली होती.

वादळाचं वर्णन मी करणार नाही, मला ते नीट आठवतही नाही. दुपारी एका खोलीची कौलं गेली, मग दुसरीची. लोक ओट्यावर आले तर वारा उभं राहू देईना. मी स्लॅबच्या खोलीची कडी काढली आणि ओरडले, "सगळे इकडे." अशी आम्ही सगळी माणसं चार तास एका खोलीत होतो. तीन बाक लावून दार दाबून धरलं होतं, त्यांतल्या एका बाकाला मावशीचा मुलगा. मास्क भिजून तोंडाला चिकटले तेव्हा लोकांनी काढून टाकले. मीही काढला.

संध्याकाळी वारा पडला. दिवे गेलेले, फोन मुके झालेले, रस्त्यावर झाडंच झाडं. आमच्या वाडीतल्या पोफळी एका बाजूला लवून मोडल्या होत्या. रात्री त्या सगळ्यांना त्याच खोलीत झोपायला सांगून मी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामसेवक पडलेल्या झाडांवरून चढत-उतरत आले. तीन गावं त्यांच्याकडे, आणि तिन्ही पायी फिरायची होती. चेहऱ्यावर झोप नव्हती. त्यांनी वही काढली.

"काल एका खोलीत किती जण होते?"

"बेचाळीस. मला धरून त्रेचाळीस."

"तुम्ही ड्यूटीवर होतात. तुम्हाला नाही धरायचं." त्यांनी बेचाळीस लिहिले. "हे सगळे आता संपर्कातले झाले. आजपासून चौदा दिवस, सगळे इथेच. मी वर विचारून सांगतो." आणि ते पुढच्या गावाला गेले.

म्हणजे ज्या खोलीत मी चार तास श्वास घेतला त्याच खोलीतली बेचाळीस माणसं धोक्याची आणि मी नाही. विषाणूला माझं ओळखपत्र कोण दाखवणार होतं कोण जाणे! मला हे तिथल्या तिथे समजलं होतं. मी मूर्ख नाही. पण समजलं म्हणून काय करायचं असतं हे समजलं नाही. मी रोज सकाळी शाळेत जाऊन त्यांची हजेरी घ्यायचे आणि रोज संध्याकाळी मधुमेही नवऱ्याकडे परत यायचे.

त्या दिवशी ऊन पडलं. नुसतं नाही, कडकडीत. आकाशात ढगाचा टिपूसही नाही, जणू काल काही झालंच नव्हतं. खोलीच्या खिडकीशी कोळणी येऊन उभ्या राहिल्या. मग मावशी म्हणाली, "बाई, मला एक ऊन द्या."

मला कळलं नाही. तिने समजावलं. सुकी मासळी भिजली तरी मरत नाही. पण भिजल्यावरचं पहिलं ऊन तिला मिळालं पाहिजे. पोती फोडायची, पसरायची, घडीघडी हलवायची. पहिल्या उन्हात अर्धी वाचते. दुसऱ्यात पाव. तिसऱ्यानंतर हात लावू नये. हे पुस्तकात कुठे नाही, पण कोळीवाड्यातल्या पोरीबाळींना सुद्धा ते ठाऊक असतं. घरांची छपरं उडालेली खिडकीतून दिसत होती. आत पोती कशी असतील ते त्यांना बघायची गरज नव्हती.

"दोन घंटं सोडा. पसरते, उलटते नि परत येते. तुम्ही मंग कडी लावा."

मी म्हणाले, "विचारते."

विचारणार कोणाला? फोन बंद. ग्रामसेवक तिसऱ्या गावात. वरच्या आळीतली माणसं मात्र रस्त्यावर येऊन सांगून गेली, "बाई, त्यांना सोडू नका हं, आमच्याकडे म्हातारी माणसं आहेत." म्हातारी माणसं खरंच होती. मावशीही म्हातारीच होती, पण ते तेव्हा त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि माझ्याही तोंडात आलं नाही.

खरं म्हणजे कंपाउंडची मागची भिंत वादळात झोपली होती. कोणीही उठून चालत घरी जाऊ शकत होतं. एक तरणाताठा माणूस उठलाही. "मी जातो. कोण मला अडवतो बघू," म्हणाला. मी फाटकाकडे पाठ करून उभी होते. मला वाटलं, जाईल तर बरं, माझ्यावरचं ओझं जाईल. पण मावशीनेच त्याला खाली बसवलं. "बाई सांगतात तर कायतरी असल. त्या काय आपलं वायट करतील? तुला कोनी शिकवला?" तो बसला. माझा तेव्हा जीव भांड्यात पडला, हे लिहिताना लाज वाटते आहे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच ऊन. मला राहवेना. मी मावशीला म्हणाले, तुमची पोती मी पसरते, मला कोणी बंदी घातलेली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. आमच्या घरात मासे खातात, पण सुक्या मासळीचं पोतं मी जन्मात उघडलेलं नव्हतं. ती खिडकीतून ओरडून सांगू लागली, पातळ पसरा, पातळ. मी हो हो करत गेले. तिच्या घरात पाय ठेवला आणि वासाने परत बाहेर आले, मग पदर नाकाशी बांधून पुन्हा आत. चार पोती बाहेर ओढली. ती दोन माणसांची ओझी होती, मी कशी ओढली माहीत नाही. अंगणात चिखल, म्हणून घरातली निळी ताडपत्री अंथरली आणि तिच्यावर जवळा पसरला. पातळ, तिने सांगितलं तसा. कावळे हाकलत दुपारपर्यंत बसले. उन्हाने माझं डोकं दुखायला लागलं आणि मला बरं वाटत होतं, काहीतरी केल्यासारखं.

संध्याकाळी हात घातला तर वरचा थर कोरडा आणि खाली लगदा. खाली ताडपत्री आणि वर ऊन, मधे वाफ धरली होती. मी सांगायला गेले तेव्हा मावशीने विचारलं, "कशावर पसरला?" मी सांगितलं. तिने डोळे मिटले. जवळा प्लास्टिकवर कोणी पसरत नाही. जाळ्यावर पसरतात, खालून वारा जातो. जाळी तिच्या पडवीतच पडली होती, मी ती ओलांडून दोनदा आत-बाहेर केलं होतं. ती एवढंच म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाई. तुम्ही तरी किती करणार?"

तिसऱ्या दिवशीही ऊन होतं. त्या दिवशी कोणी खिडकीशी आलं नाही. मला रडू आलं ते मी संडासाच्या मागे जाऊन आवरलं, कारण ड्यूटीवरच्या माणसाने रडायचं की नाही ह्याचा आदेश आलेला नव्हता. चौथ्या दिवशी पाऊस लागला, तो थांबलाच नाही.

पाचव्या दिवशी कोणीतरी सांगितलं की खिंडीच्या माथ्यावर फोन लागतो. मी छत्री घेऊन चढले. वर पोचल्यावर फोन हातात थडथडायला लागला, पाच दिवसांचे निरोप एकदम. ते न वाचता मी आधी साहेबांना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. बेचाळीस माणसं, चौदा दिवस, भिजलेली पोती. निदान बायकांना तरी घरी सोडू द्या, म्हणाले.

"कुठलं अलगीकरण, बाई?"

"आमच्या शाळेतलं."

"ते केंद्र तर आम्ही वादळाच्या आदल्या दिवशीच बंद केलं. तुम्हीच नाही का फोन केला होतात? तुमच्या म्हणण्यावरून मी लगेच वर बोललो. एका इमारतीला दोन दर्जे देता येत नाहीत. ग्रुपवर टाकलंय."

"मग ती सगळी माणसं?"

"ती निवाऱ्यातली. निवाऱ्यात लोक स्वेच्छेने असतात. कधीही जाऊ शकतात."

"पण ग्रामसेवक म्हणाले..."

"त्यांनाही मेसेज मिळाला नसेल. बाई, सगळ्या तालुक्यात नेटवर्क नाही, मी कोणाकोणाला धरू?"

त्यांचा आवाज चांगल्या माणसाचा होता. थकलेला. मी फोन ठेवून खाली बसले आणि निरोप वर सरकवत गेले. होता. चाळीसेक निरोपांच्या खाली, वादळाच्या आदल्या रात्रीची, आमच्याकडचं नेटवर्क गेल्यानंतरची वेळ, दोन ओळी. म्हणजे मी पाच दिवस राबवत होते ते अलगीकरण अस्तित्वातच नव्हतं. ते रद्द झालं होतं, आणि तेही मी प्रश्न विचारला म्हणून. उत्तर आलं होतं, योग्य आलं होतं, वेळेवर दिलं गेलं होतं, आणि तरीही ते पाच दिवस हवेतच कुठेतरी लटकत राहिलं. ह्यात रागवायचं कोणावर? मी त्या खिंडीत बसून मनापासून प्रयत्न केला, पण मला कोणी सापडेना.

खाली येऊन मी दार उघडलं आणि म्हणाले, "वरून परवानगी आली, घरी जा." हे खोटं होतं. परवानगी कधीचीच आलेली होती. बायका पळतच गेल्या. दोन तासांनी वाळूत खड्डे खणायला सुरुवात झाली. मासळीत अळ्या पडल्या होत्या, ती पुरावी लागते, नाहीतर रोगराई होते. मावशीचा मुलगा कमरेएवढ्या खड्ड्यात उभा राहून खणत होता आणि ती काठावरून एकेक पोतं ढकलत होती. मी थोडं अंतर राखून उभी होते. मदत करायला पुढे होण्याचं मला धैर्य झालं नाही.

त्या बेचाळीसांतल्या कोणालाही काही झालं नाही, मलाही नाही. झालं असतं तर मी हे सगळं वेगळं लिहिलं असतं का? लिहिलं असतं बहुतेक. तेव्हा मी म्हणाले असते, बरं झालं ठेवून घेतलं. म्हणजे मी बरोबर की चूक हे त्या खोलीत कोणाला ताप होता की नाही ह्यावर ठरणार, आणि ते तर मला माहीतच नव्हतं. हा विचार मी किती वेळा सुरू केला आणि किती वेळा अर्ध्यावर सोडला ह्याला गणती नाही. पुढे मला एक प्रशस्तिपत्रकही मिळालं, अतुलनीय सेवेबद्दल. ते कपाटात विजेच्या बिलांच्या फायलीत आहे.

मावशी तो पावसाळा रेवदंड्याला मुलीकडे राहिली, जी कधी चार दिवसांवर मुलीकडे राहिली नव्हती. मुलगा पुन्हा मुंबईला गेला. पुढच्या हंगामात ती परत आली, पण पहिल्यासारखी टोपली भरून नाही. भांडवल गेलं की दुसऱ्याची मासळी उधारीवर फेरीला घ्यावी लागते, तशी ती फिरते. गावात कोणी शाळेतल्या त्या दिवसांबद्दल माझ्यावर बोललं तर तीच आडवी जाते. "बाईंच्या हातात काय व्हता? सरकारचा हुकूम व्हता." हे मी स्वतःच्या कानांनी दोनदा ऐकलं. शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं, पण हे मला सोसेना.

यंदा शेवटी मी सांगून टाकलं. ती आमच्या ओट्यावर बसून सुरमई कापत होती. मी म्हणाले, मावशी, मला तुम्हाला एक सांगायचंय, आणि सगळं सांगितलं. खिंडीतला फोन, दोन ओळींचा निरोप, आदली रात्र. हेही सांगितलं की मी परवानगी आली म्हणाले ते खोटं होतं. तिचा हात थांबला नाही. डोकं वेगळं केलं, पोट साफ केलं, तुकड्या पाडल्या. मला वाटलं तिला नीट कळलं नसेल.

मग कोयता पाण्यात बुडवून ती म्हणाली, "म्हंजी आमी आत व्हतो तवा हुकूमच न्हवता?"

"नव्हता."

"सरकारनी कोंडला न्हवता आमाला."

"नाही."

"त्या ग्रामसेवकाला पन म्हाईत न्हवता."

"नाही, त्यांनाही नव्हतं."

"नि तुम्ही पन मुद्दाम न्हाय केला."

"देवाशपथ नाही, मावशी."

तिने मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता. हिशेब जुळत नसला की मुलं फळ्याकडे बघतात, तशी ती माझ्याकडे बघत होती.

"मंग आमाला कोंडला कोनी, बाई?"

ती खरंच उत्तराची वाट बघत होती.